हळदीपुरता गुडघा

२ मे
रियाची हळद वीस तारखेला, लग्न तेवीसला. नाचायला बेंजोवाले ठरले. मुलीच्या हळदीत बाप खुर्चीत बसून राहिला, असं आमच्या कामोठे गावात झालेलं नाही आणि माझ्यामुळे होणार नाही. उजवा गुडघा मात्र सुजलाय. डॉक्टरकडे जाऊन आलो. भामा सोबत होती, तर तिचेही दोन्ही गुडघे दुखतात म्हणे. बायकोला डॉक्टरकडे नेलं की काहीतरी निघतंच. दोघांनाही रोज व्यायाम सांगितला. मला सुजेसाठी गोळी, जेवल्यावर एक, पाचच दिवस.

४ मे
गोळी भारी. जिना धावत उतरलो. भामा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताणत बसते. हसू आलं. माझा व्यायाम उद्यापासून.

५ मे, रात्री
मोबाइलवर गोळीचा अभ्यास केला. शरीरात एक रसायन तयार होतं, तेच सूज आणि दुखणं आणतं. गोळी ते तयारच होऊ देत नाही. सोपं आहे. तेच रसायन पोटाचं अस्तरही सांभाळतं, असं पुढे होतं. पुढचं वाचलं नाही, पोट दुखत नव्हतं.

८ मे
पाच दिवस संपले. पाच दिवस साध्या माणसांसाठी असतात, मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणलं. मेहुणा मिथुन उरणहून आला होता, त्याच्या कमरेच्या गोळ्या मागून घेतल्या. नाव वेगळं, म्हणजे औषध वेगळं. सकाळी माझी, संध्याकाळी त्याची. व्यायाम सोमवारपासून.

११ मे, सोमवार
लग्नासाठी शिवलेल्या जाकिटाचं बटण लागेना. रात्रीचं जेवण बंद. भामा म्हणाली, उपाशीपोटी गोली खाव नका. मेडिकलवाला सुशांत दोन्ही पाकिटं बघून म्हणाला, काका, दोन्ही एकाच जातीची आहेत, एकत्र घेऊ नका. मेडिकल बदललं. व्यायाम राहिला.

१४ मे
पोटात जळजळ. लग्नाचं टेन्शन. पावलंही सुजलीत, पण सुजेची गोळी चालू असताना सूज कशी येईल? नवी मोजडी आकसली असणार. बीपी वाढलंय म्हणे. मशीन जुनं आहे.

१७ मे
शी डांबरासारखी काळी. जांभळांमुळे. जांभळं गेल्या आठवड्यात खाल्ली होती. चक्कर येते. कुणाला सांगितलं नाही. रियाने विचारलं, पप्पा, इतके पांढरे का दिसताय? पावडर लावलीय म्हटलं. नाचणार ना, म्हणाली. तिला शब्द दिलाय.

१९ मे, हॉस्पिटल
काल नाचाची प्रॅक्टिस करताना कोसळलो. पोटात दुर्बीण घातली. अल्सर, त्यातून रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं त्या गोळ्यांनी केलं. उद्या दोन तासांची सुट्टी मागणार. एक गाणं तरी होईल.

२१ मे
सुट्टी दिली नाही. हळद लागल्यावर नवरीने घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून रियाने व्हिडिओ पाठवला. बेंजो वाजतोय आणि मधोमध, माझ्या जागी, भामा. हात वर, दोन्ही गुडघे वाकवून. एकामागून एक गाणी. रिया तिच्याकडे बघून हसतेय, रडतेय. मलाही रडू आलं. शब्द मी दिला होता.

दुपारी भामा डबा घेऊन आली. गुडघे कसे आहेत, असं तिला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाली, दुखतान, पन वाकतान. मग पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली. उद्यापासून करतो म्हटलं. तिने माझा पाय उचलून गुंडाळीवर ठेवला.