डाव्या वळणावर

४ फेब्रुवारी
आज पुन्हा! सरावात डाव्या वळणावर ताईची शर्यतीची गाडी थेट मातीत. हेल्मेट काढायच्या आतच माझ्यावर खेकसली — "तुझा हा डिफरन्शियल एक दिवस माझा जीव घेणार!"

डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी पेटी; मी बसवलाय तो गिअरचा. एक चाक घसरायला लागलं की आतले तिरके गिअर आवळतात आणि जोर दुसऱ्या चाकाला देतात. एरवी लोण्यासारखा चालतो. पण वळणाच्या आतल्या बाजूचं चाक ट्रॅकच्या उंच कडेवर चढून हवेत गेलं की आवळायला आधारच उरत नाही. जोर सगळा हवेत! तेच होत असणार.

६ फेब्रुवारी
गिअरचा काढून चकत्यांचा बसवला. यात चकत्या एकमेकींवर दाबून दोन्ही चाकं जखडतात — एक चाक हवेत असलं तरी. वळणातून गाडी सुसाट सुटते. पण ब्रेक मारतानाही चकत्या धरून ठेवतात, मग गाडीचं नाक वळायलाच तयार नाही. ताई म्हणाली, "ही गाडी आहे की कपाट?"

८ फेब्रुवारी
अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की चकत्या सैल सुटतील असं केलं. उजवी वळणं — वा! डावीकडे मात्र ताई आतल्या कडेपासून लांबच राहिली आणि बाहेरच्या बाजूने येणाऱ्या गाडीला घासली. थोडक्यात वाचली. बाबा कुंपणाशी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं.

पुढच्या रविवारी शर्यत आहे.

९ फेब्रुवारी
जेवता जेवता घास हातातच राहिला. डिफरन्शियलला डावं-उजवं काय कळतंय? मग तो उजवीकडे शहाणा आणि डावीकडे वेडा कसा?

१० फेब्रुवारी
आज मीच चालवली. डावीकडेही गुणी बाळासारखी वळली. म्हणजे खोट गाडीत नाहीच!

ताईला सांगितलं. भडकलीच — "म्हणजे मला चालवता येत नाही?"

"तसं नाही गं. तुला डावी कड दिसते का?"

हळूच म्हणाली, "दिसते की... मान वळवली की."

११ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत. पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. दोष मेंदूत असू शकतो; उद्याच मेंदूचा स्कॅन.

बाहेर आलो. ताईने माझा दंड घट्ट धरला. "माझ्या डावीकडून चाल," म्हणाली.