मागच्या सीटवरचे धक्के

प्रिय खारुताई,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मी अजून त्याच मोटार कारखान्यात. मोटारी घेणारे श्रीमंत वाढले, तशा त्यांच्या तक्रारीही वाढल्या. कुणाचं डोकं छताला आपटतं, कुणाला मळमळतं. तक्रार आली की साहेब मला धाडतात आणि मी वही घेऊन मागच्या सीटवर बसतो. लहानपणी तू माझ्याबरोबर यायचीस, खड्डा आला की खिदळायचीस. परवा एका वळणावर ते हसू असं आठवलं की टिपण लिहायचंच राहून गेलं.

गेल्या आठवड्यात एका विधवा बाईंकडे गेलो होतो. गाडी आमची सगळ्यांत महागडी, सात जणांची. बाईंचं म्हणणं एकच, "पूर्वी लोण्यासारखी चालायची हो. आता हाडं खिळखिळी करते." मी चाकं पाहिली, गादी उसवली, गाडीखाली आडवा होऊन कमानी, म्हणजे चाकांवरच्या त्या पोलादी पट्ट्या, चाचपल्या. दोष सापडेना. ड्रायव्हर कानाशी पुटपुटला, "बाईंचं वय झालंय, दुसरं काय!" पण धक्के मलाही बसत होते. तिसऱ्या दिवशी सहज विचारलं, पूर्वी गाडीत कोण कोण असायचं? बाई बोटं मोजू लागल्या. यजमान, सासूबाई, तीन मुली. पहिली दोघं देवाघरी, मुली लग्न होऊन लांब.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कमानी भरल्या गाडीसाठी घडवलेल्या, एकट्या बाईंच्या वजनाला त्या दबतच नव्हत्या. वाळूची पोती ठेवून पाहिली, तर गाडी पुन्हा लोण्यासारखी! म्हटलं, दोन पट्ट्या काढतो, कायमचं काम होईल. बाई घाईने म्हणाल्या, "नको नको. मुली आल्या तर गाडी खाली टेकेल ना! पोतीच राहू द्या."

मुली येतात का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मग चहा देताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?" मी म्हणालो, नाही.

तू त्या व्हायोलिनवाल्याशी लग्न केलंस, तेव्हा 'मला मुलगी नाही' असं तुझ्या तोंडावर म्हणालो होतो, पण रागात. या वेळी राग नव्हता गं, शब्द आपसूक निघाला. त्याचीच भीती वाटली. बाईंनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. ती कीव मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि सांगितलं, खोटं बोललो, मला एक मुलगी आहे. त्या म्हणाल्या, "कुठे असते?"

घरी येऊन तुझ्या आईला पत्ता विचारला. तिला तोंडपाठ होता. पाच वर्षं चोरून लिहितेय म्हणे तुला! तुला मुलगा आहे, तीन वर्षांचा, हे मला काल कळलं. त्याला पाहायला येऊ का? जावईबापूंनाही विचार. नको असेल तर नको म्हण, पण तुझ्या हाताने लिही.

तुझाच, उशिरा शहाणा झालेला,
बाबा