बीजावरच्या खुणा

प्रिय ठकू,

दुकान कसं चाललंय म्हणून विचारलं होतंस. चाललंय. काल एका आजोबांना नवा चष्मा घालून दिला, तर आजींकडे बघत म्हणाले, तू एवढी म्हातारी कधी झालीस? आजी चष्मा परत करायला निघाल्या होत्या.

तिसऱ्यांदाही द्राक्षगर्भच निघाला, हे आईने सांगितलं असेलच. बाळ नाहीच, नुसते पाण्याच्या फोडांचे घोस. आधीच्या दोन वेळी मी रडले. या वेळी मात्र एकच प्रश्न पाठ सोडेना, एकाच बाईला तीन-तीनदा हे का व्हावं? डॉक्टरीणबाईंना इतकं भंडावलं की शेवटी त्यांनी माझं रक्त आणि त्या गर्भाचा अंश जनुकांच्या तपासणीला पाठवला. अहवाल आल्यावर कागदावर चित्रं काढून तासभर समजावलं. सहसा अशा गर्भात आईचा वाटाच नसतो, सगळं बापाकडचं. माझ्या गर्भात दोघांचाही वाटा होता, तरी तेच. आईच्या बीजावर म्हणे काही खुणा उमटाव्या लागतात, कोणतं जनुक जागं राहील आणि कोणतं गप्प बसेल याच्या. माझ्या बीजांवर त्या नीट उमटतच नाहीत. त्या कामाच्या एका जनुकाच्या माझ्याकडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. त्या दोघांजवळ एकेक चांगली प्रत होती, म्हणून त्यांचं निभावलं आणि आपण दोघी झालो.

नवऱ्याने अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाला, म्हणजे तू भिंगांची खोकी उचललीस म्हणून नव्हे तर. सहा वर्षं तो हे मनात धरून होता, हे मला तेव्हा कळलं. आई फोनवर रडायला लागली, माझ्यामुळेच झालं म्हणून. तर मागून बाबा म्हणाले, सगळं श्रेय तू घेऊ नकोस, निम्मं माझं आहे.

दुसरीचं बीज घेतलं तर मला मूल होऊ शकतं. बहिणीचं चालेल का, हेही मी विचारून घेतलं. ते मागायलाच परवा तुला पत्र लिहायला बसले होते. पानभर लिहिलं आणि फाडून टाकलं. कारण बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी मी ऐकूनही ऐकली नव्हती. माझ्यासारख्या दोन्ही बिघडलेल्या प्रती तुझ्या वाट्याला आलेल्या असण्याची शक्यता चारात एक आहे. तुम्ही दोघं मुलाचा विचार करताय, आणि मला वाईट वाटेल म्हणून लपवताय, हे आईच्या तोंडून निसटलंय. तेव्हा आधी रक्त तपासून घे. पत्ता सोबत आहे. अहवाल एकटीने वाच, आणि मला सांगायचा की नाही ते तूच ठरव. नाही सांगितलास तर मी कधीच विचारणार नाही, एरवी सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरणारी,

तुझीच ताई