हाव म्हणजे होकार नव्हे

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग गेलेला नाही. हे पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तुमच्याबद्दल चांगलं बोलायला बाकीचे आहेत.

लोह्याकडच्या आपल्या वस्तीवर नव्या रस्त्याची बैठक तुम्ही घेतलीत, तेव्हा मी तुमच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. वस्तीतला पहिला सरकारी इंजिनिअर म्हणून साहेबांनी मुद्दाम तुम्हालाच पाठवलं होतं. बुद्धविहार गच्च भरलेला. तुम्ही नकाशा दाखवता आहात, रस्ता उंचावरून जाणार, शेताकडे जायला लांबचा वळसा पडणार, आणि तुमच्या प्रत्येक वाक्याला माणसं म्हणताहेत, "हाव... हाव." तेवढ्यात आत्या उठली. "खालून बोगदा ठिव की रे. ह्या गुडघ्यानं येवढा वळसा कशी मारू?" तुम्ही हसून म्हणालात, "बघू."

जेवायला आपण तिच्याकडेच होतो. सगळ्यांनी होकार दिला असं अहवालात लिहितो, असं तुम्ही म्हणालात, तशी ती भाकरी थापता थापता थांबली. "आरं, हाव म्हंजी आयकून राहिलो म्हनलो. कबूल हाय, असं कोन म्हनलं?" पुण्याच्या साहेबाला हे कळलं नसतं तर मी समजू शकले असते. तुम्ही तर त्याच चुलीपुढे हाव म्हणायला शिकलात! सगळं कळत असून तुम्ही होकार लिहिलात. त्याची मला आजही चीड येते.

बोगदा झाला नाही. पुढच्या बैठकीला निम्मी सतरंजी रिकामी होती. त्याच्या पुढच्या वेळी आत्या एकटीच आली आणि तोंड मिटून बसली. आता मी तुमच्याच खात्यात आहे. त्याच रस्त्याच्या रुंदीकरणाची फाइल आली, तेव्हा साहेब म्हणाले, "तिथं कुणी येतच नाही. सुनावणी वगळून टाका." लोकांना उत्साह नाही म्हणे. तो कुणी मारला, हे मी त्यांना सांगू शकले नाही, कारण तुमचा फोटो ऑफिसच्या भिंतीवर आहे. पण भांडून सुनावणी ठेवायला लावली, यावेळी तरी बोगदा व्हावा म्हणून.

काल माणसं गोळा कर म्हणून आत्याला फोन केला. ती बोलत राहिली, गुडघ्यांचं, भरधाव ट्रकचं, रस्ता ओलांडताना पडलेल्या शेजारणीचं. समोर फाइल उघडी होती, मी म्हणत होते, "हाव... हाव." ती थांबली.

"हाव म्हंजी आयकून राहिलीस, का तू बी होकार लिहून टाकलास?"

ऐकतेय की, मी म्हणाले. खरं तुम्हालाच सांगते, बाबा. मी ऐकतही नव्हते.