न बसणारा उंचवटा

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती.

आठवडाभर छळणारा आलेखातला उंचवटा आज बसला एकदाचा. आणि चूक कुठली, तर सांगायची लाज वाटावी!

मंदगती न्यूट्रॉन धातूतल्या थरथरणाऱ्या अणूंवर आदळतात आणि त्यांची थोडी ऊर्जा घेऊन निघतात. धातू म्हणजे वाट्टेल तिकडे तोंड केलेल्या बारीक स्फटिकांचा ढीग, म्हणून सगळ्या दिशांची सरासरी काढावी लागते. मला वाटलं, ती सरासरीच चुकली. माझ्या गणितातला उंचवटा परदेशातल्या प्रयोगाच्या ठिपक्यांपेक्षा कायम वरच. प्रबंधाचं अख्खं प्रकरण मोडायला निघाले होते.

तेवढ्यात कूलरमध्ये पाणी भरता भरता माझा नवरा, अविनाश, म्हणाला, "तिकडच्या लोकायले कूलर लागते का वं?"

मी थबकले. प्रयोग केलेला 'खोलीच्या तापमानाला'. अन् मी त्या तापमानाचा आकडा गणितात कुठे बसून भरला होता? मे महिन्यात, अकोल्याला, आईकडे, घाम पुसत. पंचेचाळीस अंश! उष्णता जास्त, की अणूंची थरथर जास्त, की उंचवटाही जास्त. पण खोली म्हटल्यावर मला दुसरी कुठली आठवणार?

वीस अंश भरले. उंचवटा अलगद ठिपक्यांवर येऊन बसला. अविनाशला सांगितलं, तर बादली खाली ठेवून हसतच सुटला.

"तुह्या माहेरचं ऊन मले सोसत नाही," म्हणाला, "त्या बिचाऱ्या धातूले कसं सोसन?"