मागच्या काचेवरचं नाव

मंगळवार, संध्याकाळ

नवी मोठी गाडी विकत घ्यावी की लीजवर? महिनाभर डोकं खाल्लंय या प्रश्नाने. विकत घेतली तर किंमत घसरणार आणि दर सर्व्हिसिंगला पुणं गाठायचं. लीजवर दरमहा भाडं भरायचं, सर्व्हिसिंग कंपनी बघते. म्हणून लीजच, असं ठरवलं होतं.

आज शोरूमवाला पुण्याहून गाडी दाखवायला घरी आला. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ना सीट बघितली ना इंजिन. थेट मागच्या काचेपाशी गेले.

"हितं कलावती लिवायचं. पेंटरला सांगून ठिवलंय."

मोपेड, टेम्पो, ट्रॅक्टर, घरच्या सगळ्या गाड्यांवर माझ्या आईचंच हे नाव. ती गेली, तरी तेच.

शोरूमवाला म्हणाला, "काका, लीजच्या गाडीवर काही लिहिता येत नाही. ती परत द्यायची असते."

"मंग गाडी कुणाची रं?" अण्णांनी मला विचारलं.

एका नावासाठी विकत घ्यायची? येडेपणाच. पण मग ती काच...

शेवटी अण्णांनी काचेवरच्या धुळीतच बोटाने नाव लिहिलं. निघताना शोरूमवाल्याने फडकं काढून काच पुसली. मी त्याला अडवायला पुढे झालो.

अण्णाच म्हणाले, "पुसू दे की. त्याची गाडी हाय."