आम्रपालीचा सुळा आणि माझा संयम

१२ जुलै २०२३, दुपार
नातीला बीडला दाताच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. मुलाला, सतीशला, रजा नाही, सूनबाईची अंगणवाडी. आम्रपाली अकराची झाली तरी वरचा उजवा सुळा दुधाचाच. एक्स-रेत खरा सुळा हिरडीत तिरपा बसलेला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दुधाचा आत्ताच काढू, म्हणजे खऱ्याला वाट मिळेल, बहुतेक आपोआप उतरेल. मी म्हणालो, कळीला कुणी चिमटा लावतं का? मॅडमनी कागदावर काहीतरी लिहून ठेवलं. पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी सांगितलं, डॉक्टर थांबा म्हणाल्या. शब्द माझे, आशय निसर्गाचा.

१३ जुलै
खरं कारण इथंच लिहितो. २६ जानेवारीला शाळेत मी चौथीत म्हटलेली नदीची कविता ती म्हणणार आहे. दात काढला तर फट दिसेल. कविता झाली की दुसऱ्याच दिवशी बीड. ठरलं.

२६ जानेवारी २०२४
काय म्हणाली पोर! दुसऱ्या कडव्याला डोळे भरून आले. साठ वर्षांपूर्वी तिथंच मी अडखळलो होतो. उद्या बीड.

२७ जानेवारी
गाडी हुकली.

६ जून
सतीशला सगळं सांगणार. रविवारी. निवांत.

९ जून, रविवार
पाहुणे आले.

११ नोव्हेंबर
सूनबाई म्हणाली, मामा, पोरगी फोटोत तोंडच उघडत न्हाई. मी म्हणालो, वाचन वाढलंय, गांभीर्य आलंय.

४ मार्च २०२५
सूनबाईनं हट्टानं सगळ्यांना बीडला नेलं. नवा एक्स-रे. सुळा पार आडवा, टाळूकडे, शेजारच्या दाताच्या मुळाला टेकलेला. ते मूळ झिजायला लागलंय. आता हिरडी उघडायची, सुळ्याला बारीक साखळी चिकटवायची, तारेनं दीड-दोन वर्षं ओढत खाली आणायचा. शेजारचा दात टिकेल का, सांगता येत नाही.

मॅडमनी जुना कागद काढला. दुधाचा दात काढायला सांगितलं होतं, आला का नाहीत? सतीश माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, मला तरी असं काही आठवत नाही.

आम्रपाली म्हणाली, सांगितलंतं की. आबाच म्हणलते, घरी बोलू नको.

जिला यमक शिकवलं, तिनंच. भर दवाखान्यात.

५ मार्च
विश्वासघात. आठ दिवस अबोला. कविता शिकवणं बंद.

७ मार्च
अबोला अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.

१८ मार्च, संध्याकाळ
आज ऑपरेशन. मोठ्या मनानं माफ करून सकाळी इस्त्रीचा सदरा घालून तयार बसलो होतो. सतीश म्हणाला, आबा, तुमी नगा येऊ. आम्रपालीकडं पाहिलं. ती चपलेचा बंद लावत होती. बराच वेळ.

सहाला आले. गाल सुजलेला. ती माझ्याशेजारीच टेकली, म्हणून आनंद वाटला. सूनबाई आत चहा टाकत होती. सुजल्या तोंडानं पोरीनं विचारलं, शेजारचा दात वाचंल का?

मी लगेच म्हणालो, वाचंल की.

 आई चहा घेऊन बाहेर आल्यावर पोरीनं तेच आईला विचारलं.